मुलाला परदेशात अटक झाली आहे. आम्ही जाहीरपणे काय बोलावं?

निफाडची_लेक:

नमस्कार. एरवी मी इथे बागकामाच्या धाग्यांवर असते. नाशिकच्या मंडळींपैकी कुणी मला ओळखलंत तरी नाव लिहू नका, एवढी विनंती.

माझा मुलगा इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करतोय. तिथे आपलीच काही मुलं मिळून एका घरात भाड्याने राहतात. त्या घरात रात्री भांडण झालं, एक मुलगा हॉस्पिटलात आहे आणि माझ्या मुलाला पोलीस घेऊन गेले. आम्हाला कळलं ते घरातल्या तिसऱ्याच मुलाच्या फोनवरून, पहाटे. मुलाशी अजून बोलणं नाही, त्याचा मोबाइल पोलिसांकडे आहे. नेमकं काय झालं, कुणी सुरू केलं, आम्हाला खरंच माहीत नाही.

दुपारपर्यंत इथल्या एका पोर्टलवर बातमी लागली, ‘नाशिकच्या विद्यार्थ्याला लंडनमध्ये अटक’. ते शहर लंडन नाहीच. फोटो त्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगचा, फेटा बांधलेला, हसतोय. तोच फोटो सोसायटीच्या, शाळेच्या, माहेरच्या ग्रुपवर फिरला आणि तेव्हापासून फोन थांबलेला नाही.

संध्याकाळी ओळखीचे एक कार्यकर्ते घरी आले. उद्या पत्रकार परिषद घेऊ, मग जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देऊ, ‘नाशिकच्या लेकराला न्याय द्या’ असा बॅनर करू म्हणाले. मिस्टर तयार झालेत. त्यांचं म्हणणं, गप्प बसलो तर लोक समजतील की पोरानं केलंच असणार. धाकट्या दिरांचं वेगळंच. जखमी मुलाचे वडील जळगावकडचे आहेत, नंबर मिळालाय, रात्रीच बोलून मिटवून टाकू, दवाखान्याचा खर्च आपण देऊ.

मला दोन्ही नको वाटतंय. पण ‘का नको’ विचारलं की मला नीट सांगता येत नाही. कुणाला अनुभव असेल तर लिहा. उद्या दुपारची वेळ ठरली आहे.

संपादक मंडळ:

लेखिकेच्या विनंतीवरून शहराचं व विद्यापीठाचं नाव आणि मुलाचं वय मजकुरातून काढलं आहे. कृपया कुणीही अंदाज बांधू नयेत.

पंचवटीकर:

ताई, आधी पाणी प्या आणि दोन घास खा. आईने अंथरूण धरलं तर पोराला कोण बघणार?

पत्रकार परिषद घ्या असंच मी म्हणेन. दिल्लीला जाग आवाज केल्याशिवाय येत नाही. मुंबईच्या हमीद अन्सारीचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. तो २०१२ मध्ये पाकिस्तानात बेपत्ता झाला. त्याची आई दारोदार फिरली, अर्ज केले, तिथल्या कोर्टापर्यंत प्रकरण नेलं, तेव्हा कुठे २०१६ मध्ये तो आपल्याच कोठडीत असल्याचं तिकडच्यांनी कबूल केलं. डिसेंबर २०१८ मध्ये पोरगा घरी आला. ती माउली गप्प बसली असती तर?

लेस्टरवासी:

ताई, मी मूळचा नाशिकरोडचा, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे. अडकलेल्या मुलांसोबत पोलीस ठाण्यात जाऊन बसण्याची वेळ माझ्यावर आली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा मुलगा आता कुठे आहे ते समजून घ्या म्हणजे जीव थोडा खाली बसेल. आरोप न ठेवता पोलीस साधारण २४ तास ठेवू शकतात. गुन्हा गंभीर असेल तर वरिष्ठ अधिकारी ते ३६ तासांपर्यंत वाढवू शकतो आणि त्यापुढे मॅजिस्ट्रेटच्या परवानगीने जास्तीत जास्त ९६ तास. कोठडीत नेल्याबरोबर त्याला सांगितलं जातं की वकील मोफत मिळेल. हा वकील सगळ्यांना मिळतो, परदेशी विद्यार्थ्यालाही. त्यासाठी नाशिकहून पैसे पाठवावे लागत नाहीत. मारहाण करून कबुली घेतील ही भीती आपल्याकडच्या माणसाला आधी वाटते. तिथे जबाबाचं रेकॉर्डिंग होतं आणि वकील शेजारी बसलेला असतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. अटकेच्या वेळी पोलीस त्याला बजावतात की काही बोलायची सक्ती नाही, पण जी गोष्ट पुढे कोर्टात बचाव म्हणून मांडशील ती आता विचारल्यावर सांगितली नाहीस तर त्याचा तोटा होऊ शकतो. म्हणजे काय बोलायचं, किती बोलायचं, हे तो आणि त्याचा वकील फार तोलून ठरवत असणार. अशा वेळी उद्या नाशिकमध्ये त्याचे वडील माइकसमोर म्हणाले, ‘त्याने स्वसंरक्षणासाठी हात उचलला’, आणि तिकडे तो म्हणत असेल की मी हात उचललाच नाही, मग? एकाच घरातून दोन गोष्टी गेल्या. व्हिडिओ यूट्यूबवर राहतो आणि मराठी समजणारी माणसं इंग्लंडमध्येही आहेत.

दुसरं. आरोप ठेवला जाण्याआधी संशयिताचं नाव ब्रिटिश पोलीस सहसा जाहीर करत नाहीत. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की फौजदारी चौकशी चालू असताना, आरोप ठेवण्याआधी, माणसाला खासगीपणाची अपेक्षा ठेवण्याचा हक्क आहे. अटक झाल्यापासून तिथल्या वर्तमानपत्रांना १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्याची धास्ती असते, खटल्यावर परिणाम होईल असं काही छापता येत नाही. म्हणजे तिथे त्याच्या नावाला आज आडोसा आहे. तो आडोसा त्याच्याच घरच्यांनी बॅनरवर नाव छापून काढू नये. आरोप ठेवला गेला तर नाव, पत्ता, कलम सगळं खुल्या कोर्टात वाचलं जाईल. त्याची मनाची तयारी ठेवा, पण तो दिवस आधीच ओढून आणू नका.

विद्यापीठालाही घटनेची हकीकत सांगणारी मेल आत्ता करू नका. मुलगा सापडत नाही, मदत हवी, एवढंच कळवा.

तारखेवरचा_माणूस:

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. पत्रकार परिषदेपेक्षा मला तुमच्या दिरांच्या फोनची जास्त भीती वाटते. तो फोन झाला नसेल तर आत्ता उठा आणि थांबवा. बाकी सकाळी वाचा.

आपल्याकडे किरकोळ मारहाणीचं प्रकरण दोन्ही बाजूंना बसवून मिटवता येतं, कायद्यातच तडजोडीची तरतूद आहे. मोठी कलमं असतील तर संमतीने गुन्हा रद्द करून घ्यायला लोक उच्च न्यायालयात जातात. त्यामुळे चार मोठी माणसं नेऊन समोरच्याच्या ओटीवर बसणं आपल्याला चांगुलपणाचं वाटतं आणि पुष्कळदा ते असतंही. इंग्लंडमध्ये तसं नाही. खटला सरकारी अभियोक्ते चालवतात, जखमी मुलाने ‘माझी तक्रार नाही’ म्हटलं तरी तो चालू शकतो. आणि आरोपीच्या घरच्यांनी जखमीच्या घरी पैशांचा विषय काढला की त्याला नाव पडतं ते साक्षीदारावर दबाव आणल्याचं, न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचं. या दुसऱ्या गुन्ह्याला तिथे आजन्म कारावासापर्यंत शिक्षा आहे.

फोन करणारा नाशिकमध्ये बसलेला असतो, भोगतो तिकडचा मुलगा. तिथल्या १९७६ च्या जामीन कायद्यात जामीन नाकारायची जी कारणं आहेत त्यात साक्षीदारांत ढवळाढवळ होण्याची शक्यता हे एक आहे. जळगावच्या त्या वडिलांनी रागाने, दुःखाने, कसंही, मुलाला सांगितलं की तिकडून फोन आला होता, आणि मुलाने ते पोलिसांना सांगितलं, तर तुमच्या मुलाचा जामीन तुम्हीच बुडवलात.

घरातला तो तिसरा मुलगा, ज्याने तुम्हाला फोन केला, तोही साक्षीदार आहे. त्याला परत परत फोन करून ‘काय झालं ते नीट सांग’ म्हणू नका. आईचा जीव तुटतो हे मला कळतं. तरी नाही.

कॉलेजरोड:

मत थोडं कडू आहे. एक मुलगा हॉस्पिटलात पडलाय आणि इथे सगळी चर्चा काय बोलावं, काय बोलू नये यावर. मारलं असेल तर शिक्षा व्हायला हवी. आईवडिलांनी उघडपणे तसं म्हणायला काय हरकत आहे? लपवाछपवी कशाला?

बोटीवरच्याची_बायको:

पंचवटीकर, तुमचा मुद्दा खोटा नाही, पण जागा वेगळी आहे. मी सिडकोत राहते. माझे मिस्टर जहाजावर असतात. त्यांचं जहाज एका परक्या बंदरात अडकवून ठेवलं होतं, आरोप काय ते सांगत नव्हते, वकील भेटू देत नव्हते. तेव्हा आम्ही बायका रस्त्यावर उतरलो आणि ते बरोबरच होतं. २०२२ मध्ये ‘हिरोइक इडुन’ जहाजाचे २६ खलाशी इक्वेटोरियल गिनीत धरले गेले होते, त्यात १६ भारतीय. त्यांनी आतून व्हिडिओ पाठवले, घरच्यांनी इकडे आवाज उठवला. नंतर त्यांना नायजेरियाच्या ताब्यात दिलं आणि २०२३ मध्ये सुटका झाली. तिथे दार बंद होतं, म्हणून वाजवायचं.

कुलभूषण जाधवांच्या आई आणि पत्नी डिसेंबर २०१७ मध्ये इस्लामाबादला भेटायला गेल्या तेव्हाचं आठवा. मध्ये काच, गळ्यातलं मंगळसूत्र काढायला लावलेलं, आणि आई मुलाशी मराठीत बोलायला लागली की मध्येच तोडायचे. मुलगा समोर बसलाय आणि आईला स्वतःच्या भाषेत विचारू देत नाहीत, जेवलास का म्हणून. तिथे देशाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात जावं लागलं. १७ जुलै २०१९ ला निकाल आला की पाकिस्तानने वकिलातीला भेटू न देऊन १९६३ चा व्हिएन्ना करार मोडला. येमेनमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या केरळच्या नर्सची, निमिषा प्रियाची, आई २०२४ मध्ये स्वतः येमेनला गेली, युद्धाने मोडलेल्या देशात, जिथे आपला दूतावासच चालू नव्हता. या आयांना बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ताईंच्या मुलाला वकील आहे, कोर्ट आहे, वकिलात गाठता येते. अजून कुठलंच दार बंद नाही. उद्या खरंच बंद झालं, भेटू देईनात, काही कळू देईनात, तर मी स्वतः तुमच्यासोबत बॅनर धरून उभी राहीन, हा शब्द. आज नको.

आज काय करायचं ते सांगते. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे, २०१५ पासून. घरबसल्या तक्रार नोंदवता येते, नंबर मिळतो. पासपोर्टची झेरॉक्स जवळ ठेवा. खासदारांच्या कार्यालयात जायचं असेल तर तो नंबर घेऊन शांतपणे जा, मोर्चा घेऊन नको. वकिलातीचा माणूस त्याला भेटेल, वकिलांची यादी देईल, घरचा निरोप पोहोचवेल. त्याला सोडवून आणणं त्यांच्या हातात नसतं, तेव्हा फोनवर त्यांच्यावर चिडू नका. आणि एक लक्षात ठेवा. तिकडे खासगीपणाचे कायदे कडक आहेत, मुलाने सही करून संमती दिल्याशिवाय ते तुम्हालाही माहिती देत नाहीत. आईलाही नाही. ऐकून राग येतो, पण तो नियम आहे.

लेस्टरवासी:

+१. वकिलात म्हणजे लंडनचं उच्चायुक्तालयच असं नाही. बर्मिंगहॅम आणि एडिंबराला कॉन्सुलेट आहेत, २०२५ मध्ये मँचेस्टर आणि बेलफास्टलाही सुरू झाली. त्या शहराचा कारभार कुणाकडे आहे ते आधी बघा, म्हणजे फोन फिरत बसणार नाही.

बातमीदार_नाशिक:

मी इथल्याच एका वर्तमानपत्रात आहे, म्हणून आतली बाजू सांगतो. संध्याकाळी बातमी लावायची वेळ येते तेव्हा आमच्या हातात एक मोकळी जागा असते, कुटुंबाचं म्हणणं. तुम्ही फोनच उचलला नाही तर तिथे ‘कुटुंबीयांशी संपर्क होऊ शकला नाही’ असं जातं आणि वाचणारा त्याचा अर्थ स्वतःच्या मनाने लावतो. मिस्टरांची भीती इथे खरी आहे. म्हणून अगदी मुकं राहू नका. चार-पाच वाक्यं लेखी द्या, सगळ्यांना तीच, आणि प्रत्येक फोनला ‘लिहून दिलंय तेच’ म्हणा. घरातल्या एकानेच बोलायचं. आजी दारात आलेल्या पोराला चहा देता देता काय बोलेल याचा नेम नसतो आणि तेच मथळ्यात जातं.

त्या पोर्टलला शहर चुकल्याचं कळवताना खरं शहर सांगू नका. फोटो काढा, एवढंच लेखी मागा.

पत्रकार परिषदेत पहिला प्रश्न मीच विचारेन, ‘त्याचा आधी कधी राग अनावर झाला होता का?’ माझं कामच ते आहे. आईवडिलांकडे त्याला सुरक्षित उत्तर नसतं. नाही म्हटलं तर कुणीतरी शाळेतलं भांडण उकरून काढतं.

द्राक्षबाग_पिंपळगाव:

मी शेतकरी माणूस, कायद्यातलं कळत नाही. पण सगळं वाचून मनात एकच येतं, त्या जळगावच्या आईचं. तिलाही पहाटेच फोन आला असेल. तुमच्या कागदावर तिच्या पोराबद्दल एक ओळ असावी. नसली तर बाकीचं सगळं नुसतं हुशारीचं वाटेल.

तारखेवरचा_माणूस:

द्राक्षबाग, तुम्ही बोललात ते आम्हा वकिलांना सुचत नाही. ओळ जरूर असावी. फक्त माफी मागू नका ताई. माफी म्हणजे आमच्याकडून झालं असा अर्थ निघतो आणि ते ठरवायचा अधिकार आज तुम्हाला नाही. तो लवकर बरा व्हावा असं म्हणा. ते खरं आहे आणि त्याने कुणाचंच नुकसान होत नाही.

निफाडची_लेक:

सगळ्यांचे प्रतिसाद मी मिस्टरांना वाचून दाखवले. दिरांनी नंबर लावला होता, उचलला गेला नव्हता. आता त्यांनी तो नंबर खोडून टाकलाय. पत्रकार परिषद होणार नाही. कार्यकर्ते नाराज झाले, ‘नंतर आमच्याकडे येऊ नका’ म्हणाले. मिस्टर बराच वेळ गॅलरीत उभे होते. मग आत येऊन म्हणाले, कागद आण. आम्ही दोघांनी मिळून हे लिहिलं आहे, सांगा कुठे चुकतंय का:

‘आमच्या मुलाला इंग्लंडमध्ये पोलिसांनी ताब्यात घेतले आहे. चौकशी चालू असल्याने घटनेबद्दल आम्ही काहीही बोलणार नाही. या घटनेत जखमी झालेला मुलगा लवकर पूर्ण बरा व्हावा, अशी आमची मनापासून प्रार्थना आहे. त्याच्या आईवडिलांना या काळात कुणीही त्रास देऊ नये. आमचा मुलगा आमचा आहे आणि तिथल्या कायद्याला सामोरं जाताना आम्ही त्याच्यासोबत राहू. त्याचा किंवा इतर कुणाचा फोटो कृपया प्रसिद्ध करू नये.’

मिस्टरांना आधी ‘आमचा मुलगा निर्दोष आहे’ असं हवं होतं. मी म्हटलं, आपण तिथे नव्हतो. त्यांनीच ते खोडलं.

कॉलेजरोड, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं आहे. माझ्या मुलाने मारलं असेल तर त्याला उत्तर द्यावं लागेल आणि शिक्षा होईल ती भोगावी लागेल. हे त्याला मी सांगणार आहे, याच शब्दांत. पण ते मी आधी त्याला सांगेन. आपल्या आईने आपल्याबद्दल काय म्हटलं हे त्याला पोर्टलवरून कळू नये. त्याच्याशी माझं एक वाक्यही झालेलं नसताना मी गावाला निकाल ऐकवू? आई म्हणून मला हे जमणार नाही, आणि जमू नये असंच मला वाटतं.

कॉलेजरोड:

समजलं. तुमचं बरोबर आहे. कागदातलं ‘त्रास देऊ नये’ हे वाक्य चांगलं आहे.

तारखेवरचा_माणूस:

कागद ठीक आहे. द्या. ‘तिथल्या कायद्याला सामोरं जाताना’ हे ठेवाच. त्यात लपवाछपवी नाही आणि कबुलीही नाही.

बातमीदार_नाशिक:

माझ्याकडे आला की जसाच्या तसा लावायचा प्रयत्न करतो. इतरांनाही सांगतो. सोसायटीच्या ग्रुपवर हाच मजकूर एकदा टाका आणि त्यानंतर त्या ग्रुपवर काही लिहू नका, कुणी कितीही विचारलं तरी.

निफाडची_लेक:

उशिरा लिहितेय, मध्यंतरी बरीच धावपळ झाली. कॉन्सुलेटमधून मेल आली, मुलाने संमतीच्या फॉर्मवर सही केली आहे. आरोप अजून ठेवलेला नाही, अटींवर जामिनावर सोडलंय. पासपोर्ट जमा करून घेतलाय, त्या घरी जायचं नाही, घरातल्या कुणाशीही कुठल्याही मार्गाने संपर्क ठेवायचा नाही. जखमी मुलाच्या जिवाचा धोका टळला असं कळलं, बाकी काही कळलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

मुलाचा फोन वकिलाच्या ऑफिसातून आला. घटनेबद्दल फोनवर बोलायचं नाही असं वकिलाने बजावलं होतं, म्हणून बोललो नाही. त्याने तो कागद वाचला होता, कुणीतरी दाखवला म्हणे. ‘आई, तू मी काही केलं नाही असं लिहिलं नाहीस,’ म्हणाला. मी म्हटलं, नाही लिहिलं. मग थोड्या वेळाने म्हणाला, ‘बरं झालं.’ त्याचा अर्थ काय, ते मी विचारलं नाही. समोर बसेल तेव्हा विचारेन, तिकिटाची चौकशी चालू आहे.

सध्याची अडचण राहायच्या पत्त्याची आहे. जामिनाच्या कागदावर दिलेला पत्ता तात्पुरता आहे आणि घटनेशी संबंध नसलेलं घर हवंय. लेस्टरवासी, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, शहर आणि वकिलाचा नंबर त्यात दिलाय. संपादक, धागा आता वाचनमात्र केलात तर बरं होईल.